समेची वाट पाहताना

आमच्या घराची सकाळ रेडिओनं होते, असं मी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत आलो आहे. खरं म्हणजे ती हिच्या रेडिओनं होते. स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर एक ट्रान्झिस्टर आहे. हळदीचे, पिठाचे हात लागून लागून त्याचा मूळचा रंग कोणता होता हे आता कुणाला सांगता येणार नाही. कुकरची पहिली शिट्टी आणि विविध भारतीवरचं दुसरं-तिसरं गाणं यांची गाठ पडली की माझी आंघोळीची वेळ झाली, हे घड्याळ न पाहता कळायचं. बँकेत होतो तोवर कोथरूडहून स्कूटर काढायची वेळही मी त्या गाण्यांवरच ठरवत असे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये तो रेडिओ थांबला. बिघडला नव्हता. हिनं लावला नाही, एवढंच.

हिची धाकटी बहीण साताऱ्याला होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आठ दिवसांत गेली. ते दिवस वाचकांना आठवत असतीलच. जाणं नाही, शेवटचं पाहणं नाही, चार माणसांत बसून रडणंसुद्धा नाही. दोघी बहिणींचा रोज दुपारी फोन असे. दोन्हीकडे रेडिओ चालू असायचा आणि बोलण्याची सुरुवात ठरलेली असायची, "काय लागलंय गं तुझ्याकडे?" मग भाजी, मुलं, गुडघे. फोन बंद झाला आणि त्याबरोबर रेडिओही.

मी २०२० च्या जूनमध्ये निवृत्त झालो होतो, तोही टाळेबंदीत. निरोप समारंभ नाही, नारळ नाही, शाल नाही. आयुष्यभर हिशेब जुळवले, त्यामुळे घरात काही जुळत नसेल तर ते जुळवून टाकायचं, ही खोड अंगात मुरलेली. दोन-तीन महिने वाट पाहिली आणि मग ठरवलं, हिचं मन रमवायचं. कसं? सोपं आहे, आनंदी गाणी लावायची! मोबाईलवर बसून चाळीस गाण्यांची यादी केली. सगळी खेळकर, ठेक्याची, पावलं हलवणारी. मुलानं परगावाहून एक लहानसा स्पीकर पाठवला. रोज सकाळी सात वाजता आमच्या घरात उत्सव सुरू होऊ लागला.

ही काही बोलली नाही. गाणी सुरू झाली की गॅलरीत जाऊन कपडे वाळत घालायची. कपडे नसतील तर वाळलेले काढून पुन्हा घड्या घालायची. मी आवाज जरा वाढवत असे, गॅलरीपर्यंत पोचावा म्हणून. नवव्या की दहाव्या दिवशी ती आत आली, स्पीकरकडे न पाहता म्हणाली, "अहो, एक विचारू? हे तुम्ही माझ्यासाठी लावता की स्वतःसाठी?"

मी स्पीकर बंद केला. उत्तर मात्र देता आलं नाही. बरेच दिवस देता आलं नाही.

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला उत्तर सुचलं नाही की तो पुस्तकं उघडतो. मीही वाचू लागलो. मनाला उभारी यावी म्हणून आनंदी संगीत ऐकावं, असं जो तो सांगतो. त्यात तथ्य किती?

तथ्य आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०११ साली एक संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांनी लोकांना स्वतःचं सर्वांत आवडतं, अंगावर काटा आणणारं संगीत घेऊन यायला सांगितलं आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूत काय चालतं ते यंत्रानं पाहिलं. काटा येण्याच्या क्षणी मेंदूत डोपामाइन हे सुखाशी नातं असलेलं रसायन पाझरतं, असं दिसलं. पण मला खरी मौज वाटली ती पुढची. ते रसायन त्या क्षणाच्या आधीही पाझरतं, मेंदूच्या दुसऱ्या भागात. 'आता ती जागा येणार' ही चाहूल लागते तेव्हाच.

हे वाचताना मला रमणबागेतला 'सवाई' आठवला. भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव आता मुकुंदनगरला भरतो, पण आमच्या पिढीच्या मनातून रमणबाग काही जात नाही. गायक तानेची भेंडोळी उलगडत निघाला आहे, तबलजी त्याच्याकडे पाहतो आहे, आणि मांडवातली हजारो माणसं श्वास रोखून समेची वाट पाहत आहेत. सम येते आणि सगळ्या माना एकदम हलतात. त्या मान हलण्यात जेवढं सुख आहे, तेवढंच त्याआधीच्या वाट पाहण्यात आहे, हे आपल्या रसिकांना यंत्राशिवायच ठाऊक होतं.

पण माझा प्रश्न निराळा होता. दुसऱ्याला आनंदी करायचं ठरवून गाणं लावलं तर? किंवा आपण स्वतःच 'आता आनंदी व्हायचंच' असा निर्धार करून ऐकायला बसलो तर? यावर अमेरिकेत झालेले दोन प्रयोग हाती लागले. २००३ सालच्या प्रयोगात लोकांना स्ट्राव्हिन्स्कीची 'द राइट ऑफ स्प्रिंग' ही रचना ऐकवली. ही रचना ना धड आनंदी ना दुःखी, उलट अंगावर येणारी. ती ऐकताना ज्यांना 'आनंदी होण्याचा प्रयत्न करा' असं सांगितलं होतं, ते नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा कमी आनंदी झाले. प्रयत्नच आड आला. दहा वर्षांनी, २०१३ साली, मिझुरी विद्यापीठातल्या संशोधकांनी तोच प्रश्न पुन्हा घेतला, पण यावेळी संगीत खरोखरच उत्साही होतं. तेव्हा ज्यांनी मन लावून प्रसन्न होण्याचा प्रयत्न केला, त्यांची मनःस्थिती इतरांपेक्षा जास्त सुधारली.

म्हणजे आनंदी संगीत आणि ऐकणाऱ्याची स्वतःची इच्छा, ही दोन्ही एकत्र आली तर गाणं काम करतं. माझ्या चाळीस गाण्यांत पहिली गोष्ट भरपूर होती. दुसरी नव्हती. इच्छा होती ती माझी, तिची नव्हे.

बँकेतली एक रात्र यावरून आठवली. मी १९८२ साली नोकरीला लागलो तेव्हा बँकांचं वर्ष डिसेंबरअखेर संपायचं. मार्चअखेरीचं क्लोजिंग आलं ते १९८९ पासून. साहजिकच ३१ डिसेंबरच्या रात्री सगळं जग नव्या वर्षाचं स्वागत करी आणि आम्ही लेजरांचे ढीग मांडून व्याजाच्या बेरजा करत असू. संगणक नव्हते. एका वर्षी रात्रीचे अकरा वाजले तरी फरक निघत होता. आठ हजार नाही, आठशे नाही, फक्त ८१ रुपयांचा. सगळे वैतागले होते. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. तेवढ्यात आमच्यातल्या एका कारकुनानं टेबलावर रबरी शिक्क्यानं ठेका धरला आणि एक गमतीचं सिनेगीत म्हणायला सुरुवात केली. शिपायानं टोकनांचा डबा वाजवून साथ दिली. आमचे मॅनेजर गंभीर प्रकृतीचे, पण तेही कडव्याच्या शेवटी सामील झाले. पाच मिनिटं सगळी शाखा गात होती. मग सगळे हसत पुन्हा लेजरांकडे वळले. ८१ ला नवानं भाग जातो, म्हणजे कुठंतरी आकडे उलटे लिहिले गेले असणार, हे एवढा वेळ कुणाला सुचलंच नव्हतं. अर्ध्या तासात सापडलं. १९० च्या जागी १०९ पडले होते.

ते गाणं कुणी आमच्यावर लावलेलं नव्हतं. ते आमच्यातून निघालं होतं, आमच्याच वैतागाच्या पोटातून. आणि गाऊन झाल्यावर फरक नाहीसा झाला नव्हता. आम्ही फक्त ताज्या डोळ्यांनी त्याच्याकडे परत गेलो होतो.

याउलट एक रस्ता असतो, तो बँकेतल्या लोकांना ठाऊक आहे. फरक सापडत नसेल तर तो सस्पेन्स खात्यात टाकायचा. ताळेबंद जुळतो, सही होते, माणसं घरी जातात. पण फरक तिथेच बसलेला असतो आणि ऑडिटर आला की सगळ्यात आधी तेच खातं उघडतो. हिच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. ती चाळीस गाणी लावून मी हिचं दुःख सस्पेन्स खात्यात टाकू पाहत होतो. कारण ती गप्प बसलेली मला बघवत नव्हती. गाणी होती ती माझ्यासाठीच.

दुसऱ्यानं काय ऐकावं हे आपण ठरवण्याची ही हौस काही मला एकट्यालाच नव्हे. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होतं. विद्वान, संगीताची जाण असलेला मराठी माणूस. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला त्यांनी मानाचं स्थान दिलं, कलावंतांना आधार दिला, हे त्यांचं ऋण मान्यच करायला हवं. पण सिनेसंगीत त्यांना हलकं वाटे. त्यांच्या धोरणामुळे ते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसं झालं. मग लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावलं. १९५२ च्या अखेरीस तिथं सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाले'तून अमीन सायानींचा आवाज घरोघरी पोचला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीनंच विविध भारती सुरू केली. लोकांना काय चांगलं ते सरकारला कळलं असेलही, पण दमून घरी आलेल्या माणसाला कोणतं गाणं हवं, हे त्याचं त्यालाच कळतं.

मग दुःखात असलेल्या माणसाला गाणं ऐकवायचंच नाही का? यालाही उत्तर आहे. आयरा आल्टशुलर नावाचे एक मनोविकारतज्ज्ञ अमेरिकेत रुग्णांवर संगीताचे उपचार करत असत. त्यांनी १९४० च्या दशकात एक साधा नियम मांडला. रुग्णाची मनःस्थिती जशी असेल तशाच संगीतानं सुरुवात करा. खिन्न असेल तर संथ, उदास संगीत. आणि मग हळूहळू, पायरीपायरीनं, न्यायचं तिकडे न्या. आजही संगीतोपचारात हा नियम शिकवतात. वाचलं आणि मनात म्हटलं, अरे, हा तर आपला ख्याल! विलंबितानं सुरुवात, स्वरांना शांतपणे भेटणं, मग लय वाढवत द्रुत, शेवटी तराणा. मैफलीत बसल्या बसल्या पहिलाच तराणा ऐकवला तर आपण दचकू. मी मात्र हिला रोज सकाळी सात वाजता तराणाच ऐकवत होतो.

हे कळलं तरी पुढं काय करायचं ते कळेना. ते शिकवलं भाचीनं, नकळत.

२०२२ च्या एप्रिलमध्ये वर्षश्राद्धानंतर भाची आमच्याकडे राहायला आली. सोबत तिची चार वर्षांची मुलगी. येताना तिनं आईच्या कपाटातली एक जुनी वही आणली होती. गाण्यांची वही. आमच्या वयाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. रेडिओवर गाणं लागलं की धावत जाऊन लिहून घ्यायचं, अशा वह्या त्या काळी घरोघरी मुलींकडे असत. या वहीत दोन अक्षरं होती. गाणं वेगानं पुढं जाई, म्हणून एक ओळ हिनं लिहायची, पुढची बहिणीनं. मध्ये मध्ये मोकळ्या जागा सोडलेल्या. तेवढे शब्द ऐकू आले नव्हते. गाणं पुन्हा कधी लागेल तेव्हा ती जागा भरायची, मग आठवडा लागो की महिना. काही जागा निराळ्या शाईनं भरलेल्या होत्या. एक-दोन शेवटपर्यंत मोकळ्याच राहिल्या होत्या.

"मावशी, ही लावू या का?" भाचीनं पहिल्या पानावर बोट ठेवून विचारलं. मी पाहिलं, तर पहिली तीन-चार गाणी एकाहून एक रडवी. विरह, वाट पाहणं, दिवा मालवणं. माझा हात सवयीनं पुढे झाला, म्हणणार होतो, "अगं, दुसरं काहीतरी लाव." पण हिनं मान हलवली होती. मी गप्प बसलो. बसणं एवढंच माझ्याकडून त्या संध्याकाळी झालं, आणि कुठलीही यादी करण्याहून ते अवघड होतं. गाणी लागत गेली. दोघी रडल्या, अगदी मोकळ्या रडल्या. मधेच ही वहीतल्या एका मोकळ्या जागेवर थबकली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "हा शब्द होता होय! आम्ही भांडलो होतो यावरून." पेन मागितलं आणि पन्नासेक वर्षांनी ती जागा भरली.

त्यानंतर रोज थोडा वेळ वही निघू लागली. भाचीची मुलगी बालवाडीत जाऊ लागल्यावर दुपारची आमच्याकडे असायची. जुलैमध्ये एका दुपारी पाऊस धरून आला होता. पोरीला बालवाडीत मोराला नाचायला सांगणारं ते गाणं शिकवलं होतं. तेच ते, 'देवबाप्पा' चित्रपटातलं, गदिमांनी लिहिलेलं, पुलंनी चाल दिलेलं आणि आशाबाईंनी गायलेलं. १९५३ चा चित्रपट. म्हणजे सत्तर वर्षांत ते गाणं किती पोरांनी अंगविक्षेप करून नाचवलं असेल, त्याची गणती नाही. पोरगी मधल्या खोलीत एकटीच नाचत होती आणि दुसऱ्याच कडव्यात अडली. "मोठी आजी, पुढं काय?"

ही स्वयंपाकघरातून ओला हात पदराला पुसत बाहेर आली. पुढचे शब्द म्हणाली. मग पुढचे. मग चिमट्यात धरल्यासारखा पदर दोन्ही हातांनी मागं पसरून तिनं पिसारा केला. साताऱ्याच्या शाळेत गॅदरिंगला दोघी बहिणी याच गाण्यावर नाचल्या होत्या. क्रेप कागदाचे पिसारे होते. बहिणीचा पिसारा मधेच गळून पडला आणि ती स्टेजवर रडत उभी राहिली, तेव्हा हिनं आपला अर्धा फाडून तिला दिला होता. हे सगळं ही नाचता नाचता सांगत होती, हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पोरगी बुचकळ्यात पडून पाहत होती. मला मात्र समजलं की सम आली. सव्वा वर्षाचं विलंबित होऊन आली.

आता एखादा वाचक विचारील, मग आम्ही काय करावं? मी काही वैद्य नाही. जेवढं घरात शिकलो तेवढंच सांगतो. थकवा असेल, दिवस कंटाळवाणा गेला असेल, तर आवडीचं हसरं गाणं खुशाल लावावं. पण ते आपलं आपण निवडावं, आणि चार मिनिटं का होईना, त्याच्यापाशी बसावं. दिवसभर पाठीमागं गुणगुणत ठेवलेल्या गाण्याचं पुढं भिंतीवरच्या कॅलेंडरासारखं होतं, असतं पण दिसत नाही. दुसऱ्याच्या दुःखावर मात्र आपलं गाणं लादू नये. आधी त्याचं गाणं ऐकावं. आणि उदासी आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर गाण्यांच्या भरवशावर न राहता डॉक्टरांकडे जावं. त्यात कमीपणा नाही.

वाट पाहण्याची सवय मात्र मोडली आहे खरी. गीतरामायणाची छप्पन गाणी १९५५ च्या एप्रिलपासून पुढच्या एप्रिलपर्यंत आपल्या पुणे केंद्रावरून नभोवाणीवर आली, आठवड्याला एक नवं गाणं. माझा जन्म नंतरचा, पण आई सांगायची, आठवडाभर घरं त्या गाण्याची वाट पाहत. आज चाळीस गाणी खिशात असतात आणि कुठलंही केव्हाही लागतं. सोय मोठी आहे. पण मन मोबाईलच्या वेगानं चालत नाही, ते आपल्या लयीत चालतं. चाळीस गाण्यांची ती यादी मी पुसली नाही. आहे. कधी कधी हीच म्हणते, "लावा तुमचा तो गोंधळ."

फळीवरचा ट्रान्झिस्टर आता पुन्हा चालू झाला आहे. रोज लागतोच असं नाही. एखाद्या दिवशी, विशेषतः एप्रिलमध्ये, स्वयंपाकघर गप्प असतं. त्या दिवशी मी दोन कप चहा करतो आणि काही न लावता ओट्यापाशी स्टूल ओढून बसतो. कधी बराच वेळ जातो. मग केव्हातरी ही भाजी चिरता चिरता, वर न पाहता म्हणते, "बघा बरं, काय लागलंय."